गाड्यांच्या ताफ्यासाठी वॉकी-टॉकी घेताय? रेंजच्या दाव्याआधी '४४६' हा आकडा बघा

पावसाळ्यातली ताम्हिणीच्या बाजूची एखादी कच्ची वाट. चार गाड्या एकामागे एक उतरतायत. वळणापलीकडे गेलेली पहिली गाडी चिखलात रुतते. मोबाईलला नेटवर्क नाही. मागच्यांना काही कळायच्या आत दुसरी गाडी त्याच निसरड्या उतारावर आलेली असते. आता तिला थांबता येत नाही आणि मागेही जाता येत नाही.

अशा वेळी 'थांबा, खाली येऊ नका' एवढे चार शब्द वेळेत पोहोचले तरी पुढचा सगळा त्रास वाचतो. त्यामुळे सह्याद्रीतल्या वाटा असोत, कच्छचं रण असो किंवा स्पिती-लडाखचा प्रवास, फोर बाय फोर गाड्या घेऊन फिरणारे ग्रुप वॉकी-टॉकी सोबत ठेवतात. शिवाय लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्ड चालत नाहीत. पोस्टपेड असेल तरी दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क मिळेल याची खात्री नसते.

मात्र गेल्या वर्षभरात हेच छोटं यंत्र वेगळ्याच कारणाने बातम्यांमध्ये आहे. त्याच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा यांना दंड केला.

म्हणजे ऑनलाइन मागवलेला वॉकी-टॉकी बेकायदा असू शकतो का? तर हो, असू शकतो. मग ऑफ-रोडिंगला जाणाऱ्यांनी घ्यायचं तरी काय?

नेमकं झालं काय?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (सीसीपीए) १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा पाठवल्या. पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरच्या भारत-पाकिस्तान संघर्षामुळे तेव्हा देशात सुरक्षेचा विषय ऐरणीवर होता. या मंचांवर वॉकी-टॉकी विकले जात होते, पण ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यांना परवाना लागतो की नाही, सरकारी मंजुरी मिळाली आहे का, यातलं काहीच ग्राहकाला सांगितलं जात नव्हतं, असा प्राधिकरणाचा आक्षेप होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालयाशी चर्चा करून नवी मार्गदर्शक तत्त्वं जारी झाली. त्यानुसार रेडिओ उपकरण विकायला ठेवताना त्याची फ्रिक्वेन्सी सांगणं आणि मंजुरीची पडताळणी करणं बंधनकारक झालं.

जानेवारी २०२६ मध्ये दंडाचे आदेश जाहीर झाले. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो आणि मेटा यांना प्रत्येकी १० लाख, तर जिओमार्ट, टॉक प्रो, चिमिया आणि मास्कमॅन टॉइज यांना प्रत्येकी १ लाख. एकूण दंड ४४ लाख रुपये. नियमांत न बसणाऱ्या १६,९७० जाहिराती वेगवेगळ्या मंचांवर सापडल्याचं प्राधिकरणाने सांगितलं. 'आम्ही फक्त मध्यस्थ आहोत' एवढं म्हणून विक्री मंचांना जबाबदारी झटकता येणार नाही, अशी भूमिकाही त्यात घेतली गेली.

दंड झाला तो विकणाऱ्यांना आणि विक्रीची जागा देणाऱ्यांना. पण या जाहिराती बघून ज्यांनी आधीच संच घेतले, ते संच आजही गाड्यांच्या डॅशबोर्डवर आहेत आणि ते कायद्यात बसतात की नाही, हे त्यांच्या मालकांनाच माहीत नाही.

खेळण्यासारखी वस्तू, मग परवाना कशाला?

वॉकी-टॉकी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच. तो नुसता ऐकत नाही, लहरी सोडतो. या लहरींचा पट्टा म्हणजेच स्पेक्ट्रम मर्यादित असतो आणि पोलीस, अग्निशमन दल, विमानं, जहाजं, रेल्वे अशा सगळ्यांना त्यात वाटून दिलेला असतो.

भारतात रेडिओ उपकरण विनापरवाना जवळ बाळगण्यावर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बंदी आहे. लक्षात घ्या, बंदी 'बाळगण्यावर' आहे, फक्त वापरण्यावर नाही. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने जुन्या कायद्यांची जागा घेत आहे. त्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी सरकारी परवानगीचं तत्त्व कायम आहे.

हे काम बघणारी सरकारी शाखा म्हणजे दूरसंचार विभागातली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, थोडक्यात डब्ल्यूपीसी.

मग '४४६' म्हणजे काय?

सगळ्याच वॉकी-टॉकींना परवाना लागत नाही. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा कमी ताकदीच्या, कमी अंतराच्या संचांसाठी परवानामुक्त ठेवला आहे. सामान्य माणसाला कोणत्याही परीक्षेशिवाय आणि अर्जाशिवाय वॉकी-टॉकी वापरायचा असेल, तर व्यवहारात हाच रस्ता आहे.

मात्र 'परवानामुक्त' म्हणजे 'नियममुक्त' नाही. वापरणाऱ्याला परवाना लागत नसला तरी त्या मॉडेलला सरकारची मंजुरी लागते. तिला 'इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल' किंवा ईटीए म्हणतात. हा संच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणि ठरलेल्या ताकदीतच चालतो, याची ती नोंद असते.

युरोपातही हाच पट्टा खासगी वापरासाठी खुला आहे आणि तिथे अर्ध्या वॉटची मर्यादा आहे. भारतात परवानामुक्त म्हणून मिळणारे नामांकित कंपन्यांचे बरेच संच याच ताकदीच्या आसपासचे असतात.

इथेच अनेकांचं मन खट्टू होतं. अर्धा वॉट? आणि शेजारच्याच जाहिरातीत पाच वॉटचा संच त्याहून स्वस्तात, वर 'रेंज ३० किलोमीटर' असं लिहिलेलं! मग अर्ध्या वॉटचा कोण घेईल?

'३० किलोमीटर रेंज' खरी असते का?

या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली की त्या अडतात. त्यामुळे रेंज ठरते ती मुख्यतः दोन संचांच्या मध्ये काय आहे आणि दोघं किती उंचीवर आहेत, यावर.

समजा, कच्छच्या रणासारखी सपाट जमीन आहे. एक झाड नाही, एक टेकडी नाही. दोन माणसं दीड मीटर उंचीवर संच धरून उभी आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर ती एकमेकांसाठी क्षितिजाखाली जातात. रेडिओ लहरी किंचित वाकतात हे धरूनही हे अंतर येतं साधारण १० किलोमीटर. त्यापलीकडे मध्ये जमीनच आडवी येते. मग ताकद वाढवून फारसा उपयोग होत नाही.

मग ३० किलोमीटरचा दावा पूर्ण खोटा म्हणायचा का? एक जण डोंगरमाथ्यावर आणि दुसरा मोकळ्या मैदानात असेल, तर तेवढ्या अंतरावरूनही बोलणं होऊ शकतं. पण ऑफ-रोडिंगचा ताफा असा विभागलेला नसतो. तो एकाच वाटेवर एकामागे एक असतो, बहुतेकदा दरीत किंवा झाडीत.

घाटात हे गणित आणखी आक्रसतं. दोन गाड्यांमध्ये रस्त्याने अर्धा किलोमीटर असेल, पण मध्ये कातळाची भिंत असेल, तर आवाज तुटू शकतो. उलट दरीच्या समोरासमोरच्या दोन वळणांवरून तीन-चार किलोमीटरवरचाही आवाज स्पष्ट येऊ शकतो. गाडी दिसते तिथे आवाज पोहोचतो, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

पाच वॉट म्हणजे दहापट रेंज?

अजिबात नाही. ताकद आणि अंतर एकाच पटीत वाढत नाहीत. अगदी मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. म्हणजे अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेलं, ताकद दहापट झाली, तरी अंतर वाढतं जास्तीत जास्त तिपटीच्या आसपास. जमिनीलगत तर त्याहून कमी, अनेकदा जेमतेम दुप्पट. आणि मध्ये डोंगर असेल तर तेवढंही नाही.

त्यापेक्षा मोठा फरक संच धरण्याच्या पद्धतीने पडतो. गाडीचं पत्र्याचं शरीर लहरी अडवतं. संच सीटच्या मधल्या खाचेत आडवा पडलेला असेल, तर त्याच्या अर्ध्या वॉटमधलंही बरंचसं गाडीतच राहतं. तोच संच उभा धरून खिडकीच्या काचेजवळ नेला तर आवाज सुधारतो. गाडीतून उतरून चार पावलं उंचवट्यावर गेलं तर आणखी सुधारतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

ताफ्याला रेंज लागते तरी किती?

खरेदी करणाऱ्याने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

तीन ते सहा गाड्यांचा ताफा वाईट वाटेवर एकमेकांना धरून चालतो. ओढा ओलांडताना एक गाडी पाण्यात आणि बाकीच्या काठावर असतात. चिखलाच्या चढावर पुढची गाडी वर पोहोचेपर्यंत मागची थांबते. धुळीच्या वाटेवर मागच्याला काही दिसत नाही म्हणून गाड्या शंभर-दोनशे मीटरचं अंतर ठेवतात. अशा ताफ्याचं डोकं आणि शेपूट यांच्यात क्वचितच एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पडतं.

एवढ्या अंतराला चांगला अर्ध्या वॉटचा संच बहुतेक ठिकाणी पुरतो. एखाद्या नागमोडी घाटात पहिल्या आणि शेवटच्या गाडीचा संपर्क तुटलाच, तर मधली गाडी निरोप्याचं काम करते. पहिल्याने सांगितलेलं ती मागच्याला सांगते. ताफ्यात दोनच संच नकोत, प्रत्येक गाडीत एक हवा, त्याचं हेही एक कारण.

ताफा दहा-दहा किलोमीटरमध्ये विखुरला असेल, तर मात्र पाच वॉटचा हँडसेटही भरवशाचा नाही. तिथे ताफा कसा चालवायचा याचं नियोजन चुकलं आहे आणि महागड्या यंत्राने ती चूक झाकली जात नाही.

स्वस्त पाच वॉटच्या संचाची अडचण काय?

ऑनलाइन बाजारात सर्रास दिसणारे पाच वॉटचे 'ड्युअल बँड' संच साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा दोन प्रचंड पट्ट्यांत चालतात. यंत्र म्हणून ते वाईट नाहीत. जगभरातले परवानाधारक हौशी रेडिओचालक ते वापरतात. पण या पट्ट्यांत इतरांची कामं चालू असतात.

एक उदाहरण बघा. समुद्रावर संकटात सापडलेली बोट मदत मागते ती १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सागरी चॅनल १६ वर. जगभर हीच फ्रिक्वेन्सी संकटकाळासाठी राखीव आहे. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर गाड्या घेऊन गेलेल्या ग्रुपने पाच वॉटच्या संचावर कोणतातरी नंबर दाबला आणि तो नेमका हाच निघाला, तर त्यांच्या गप्पांखाली कुणाची तरी हाक दबू शकते. पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या चॅनलचंही तेच.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद असतो, 'आम्ही पाच वॉटचा संच ४४६ वरच लावतो, मग काय बिघडलं?' बिघडतं ते असं, की सूट फक्त फ्रिक्वेन्सीला नाही. ठरलेली फ्रिक्वेन्सी, ठरलेली ताकद आणि मंजूर झालेलं मॉडेल, हे तिन्ही जुळलं तरच परवाना लागत नाही. कोणत्याही चॅनलवर लावता येणारा जास्त ताकदीचा संच ४४६ वर ठेवला, तरी तो परवानामुक्त होत नाही.

आणि लडाख किंवा कच्छसारख्या सीमाभागात चौकीवर तपासणी झाली, तर 'ऑनलाइन मिळाला म्हणून घेतला' हे उत्तर पुरणार नाही.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला संच चालेल?

अनेक मराठी घरांत अमेरिकेतल्या मावशी-काकांनी आणलेली वॉकी-टॉकीची जोडी असते. तिथे ती कायदेशीर असते, इथे नाही. अमेरिकेतल्या घरगुती संचांचे चॅनल ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास असतात. भारतात ४४६ हा परवानामुक्त पट्टा आहे. बाहेरून दोन्ही संच सारखेच दिसतात, पण आतली फ्रिक्वेन्सी वेगळी.

युरोपातले संच ४४६ वरचेच असतात. पण त्या मॉडेलची भारतातली मंजुरी आहे का, हे तिथेही बघावंच लागतं.

सॅटेलाइट फोनचं प्रकरण याहून गंभीर आहे. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाहीत. गिर्यारोहक वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही याच कचाट्यात सापडतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिला धावपटूकडे असं यंत्र सापडलं आणि तिच्यावर कारवाई झाली. परदेशातून लडाख करायला येणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जास्त ताकद कायदेशीरपणे हवी असेल तर?

दोन वाटा आहेत.

पहिली, हॅम रेडिओची. बारा वर्षांपुढची कुणीही भारतीय व्यक्ती डब्ल्यूपीसीची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेऊ शकते. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यांवर प्रश्न असतात. सुरुवातीच्या 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स कोडची अट नाही. परवाना मिळाला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत पाच वॉटचा हँडसेट वापरता येतो. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनीच निरोप पोहोचवले होते.

पण हॅम परवाना व्यक्तीचा असतो, गाडीचा किंवा ग्रुपचा नाही. सहा गाड्यांत सहा जण बोलणार असतील, तर सहाही जणांकडे परवाना हवा. शिवाय तो व्यवसायासाठी वापरता येत नाही. पैसे घेऊन लडाखच्या सहली काढणाऱ्याने हॅमवर ताफा चालवला, तर ते नियमात बसत नाही.

दुसरी वाट, संस्थेच्या नावाने फ्रिक्वेन्सी आणि परवाना घेण्याची. कारखाने, सुरक्षा कंपन्या, बंदरं असं करतात. नियमित सहली काढणाऱ्या कंपनीने याचा विचार करायला हवा. वर्षातून दोनदा फिरणाऱ्या मित्रांच्या टोळक्याला मात्र ही कागदपत्रांची वाट झेपणारी नाही.

याशिवाय २७ मेगाहर्ट्झच्या 'सिटिझन बँड'लाही २००५ पासून पाच वॉटपर्यंत परवान्यातून सूट आहे. जुन्या सिनेमांतले अमेरिकी ट्रकवाले ज्यावर बोलतात, तोच हा प्रकार. पण या लहरींची लांबी ११ मीटर असते. त्यांना नीट काम करायला मोठा अँटेना लागतो, आणि भारतातली सूट अंगच्या अँटेनाच्या संचांना आहे. त्यामुळे हातात धरायच्या संचासाठी ४४६ च सोयीचा ठरतो.

घेताना काय तपासायचं?

* फ्रिक्वेन्सी: जाहिरातीत आणि खोक्यावर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'यूएचएफ' किंवा '४०० ते ४७०' असेल तर तो संच या सूटीत बसत नाही.

* ईटीए: विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचं ईटीए प्रमाणपत्र मागावं. दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या पोर्टलवर मंजुऱ्यांची व्यवस्था आहे. प्रमाणपत्रातला मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक तंतोतंत जुळायला हवा. '१०० टक्के लीगल' असं लिहिलेलं असणं हा पुरावा नाही.

* बिल: मॉडेल क्रमांकासह पक्कं बिल घ्यावं. बिल आणि प्रमाणपत्राची छापील प्रत गाडीत ठेवावी. चौकीवर नेटवर्क नसेल, तर मोबाईलवरची लिंक उघडणार नाही.

* धूळ आणि पाणी: आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण आणि उडालेलं पाणी चालतं. कोकणातल्या पावसात आणि ओढ्यांत पहिला बरा. कोरड्या भागात दुसराही चालून जातो.

* बॅटरी: यूएसबीवर गाडीत चार्ज होणारा संच सोयीचा. लिथियम-आयन बॅटरी कडाक्याच्या थंडीत कमी वेळ टिकते आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करणं तिच्यासाठी घातक असतं. स्पिती-लडाखला रात्री संच गाडीत न ठेवता खोलीत न्यावा. साध्या सेलवरही चालणारा संच असेल तर वाटेतल्या दुकानातून सोय होते.

* बटण आणि आवाज: हातमोजे घातलेल्या हाताने बोलण्याचं बटण दाबता येतं का? इंजिनच्या घरघरीत स्पीकर ऐकू येतो का? दुकानातच करून बघावं. 'बोललं की आपोआप सुरू' ही सोय खडबडीत वाटेवर त्रासदायक ठरते. गाडीच्या आवाजानेच संच सुरू होतो आणि चॅनल अडकून बसतो.

* 'प्रायव्हसी कोड': या नावाने फसू नये. हे कोड लावले की दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं त्याच चॅनलवरच्या कुणालाही ऐकू येऊ शकतं. घराचा पत्ता, पैशांचे व्यवहार अशा गोष्टी त्यावर बोलू नयेत.

एकाच कंपनीचे संच घेण्याची सक्ती नाही. ४४६ च्या पट्ट्यात साधारणपणे १६ चॅनल बसतात. चॅनल आणि कोड जुळवले की वेगवेगळ्या कंपन्यांचे साधे ॲनालॉग संचही एकमेकांशी बोलतात. डिजिटल संच घ्यायचे असतील, तर मात्र सगळ्यांनी एकाच पद्धतीचे घ्यावेत.

चालवणाऱ्याने बोलायचं का?

हा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगच्या व्याख्येत 'गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं' याचा उल्लेख आहे. शब्द 'मोबाईल' असा नाही, 'संपर्क साधन' असा आहे. वॉकी-टॉकी हे तर नावापासूनच हातात धरायचं संपर्क साधन.

कायदा बाजूला ठेवला तरी, एका बाजूला दरी असलेल्या वाटेवर स्टीअरिंगवरचा एक हात काढणं परवडणारं नाही. त्यामुळे संच शेजारी बसणाऱ्याकडे द्यावा. गाडीत एकटाच माणूस असेल, तर त्याने ऐकावं आणि उत्तर गाडी थांबवून द्यावं.

बोलण्याची पद्धतही आधी ठरवून घ्यावी लागते. बटण दाबून एक क्षण थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो आणि 'येऊ नका' मधलं फक्त 'नका' पोहोचतं किंवा काहीच पोहोचत नाही. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं, मग निरोप. महत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. गाणी आणि शेरेबाजी दुसऱ्या चॅनलवर.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. सीसीपीएच्या कारवाईमुळे जाहिरातींत फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीची माहिती येऊ लागली, तर ग्राहकाला निवड करणं सोपं जाईल. पण एक पोकळी तशीच राहते. अर्ध्या वॉटच्या परवानामुक्त संचाच्या वर थेट हॅमची परीक्षा किंवा संस्थेचा परवाना, यांच्या मध्ये सामान्य हौशी प्रवाशासाठी सोयीची पायरीच नाही. अमेरिकेत परीक्षेशिवाय, फक्त शुल्क भरून संपूर्ण कुटुंबाला जास्त ताकदीचे संच वापरायचा दहा वर्षांचा परवाना मिळतो. भारतात अशी सोय नसल्यामुळे लोक सोप्या पण बेकायदा संचाकडे वळतात.

दुसऱ्या बाजूला, सीमाभागातल्या सुरक्षेची काळजीही खोटी नाही. कोण कुठल्या लहरींवर बोलतंय हे यंत्रणांना कळायला हवं, ही अपेक्षा रास्त आहे. मधली पायरी काढायची असेल, तर ती ओळख पटवून, नोंदणी करूनच काढावी लागेल.

तोपर्यंत ज्यांच्याकडे पाच वॉटचा संच आधीच आहे, त्यांनी तो पुढच्या सहलीला न नेणं हाच शहाणपणा. 'बॅटरी काढून ठेवली आहे' हेही उत्तर होत नाही, कारण कायदा बाळगण्याबद्दल आहे.

आणि कोणताही संच घेतला तरी तो एखाद्या वळणावर बंद पडणार, हे धरूनच निघावं. त्यासाठी ताफ्यांमध्ये एक जुना नियम पाळला जातो. प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. रेडिओ चालू असला तरी हा नियम पाळला, तर बॅटरी संपलेल्या दिवशीही कुणी मागे सुटत नाही.